माशी घासण्याआधी काडतूस बदलून पाहा

ओतीव शिशाच्या गोळ्या घालून स्वतः काडतुसे भरणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत तक्रार एकच आहे, रूपे वेगळी: नेम एकीकडे आणि भोक दुसरीकडे. निवडक पत्रे थोडक्यात देऊन खाली उत्तरे दिली आहेत.

दारूच्या मापाचे आकडे या सदरात मुद्दाम दिलेले नाहीत. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा साचा बनवणाऱ्याच्या ताज्या तक्त्यातूनच घ्यावेत, तेही तुमच्याच गोळीच्या वजनाचे आणि आकाराचे. सुरुवात नेहमी तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून करावी. काडतूस भरायला काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी मुळीच मुभा नसते. ते आधी पक्के करून मगच साचा तापवावा.

प्रश्न: माझे .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर चार इंची नळीचे आहे आणि साइट (पुढची माशी आणि मागची खाच, ज्यांतून नेम धरतात) पक्क्या, न सरकणाऱ्या आहेत. १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) ओतीव गोळीने २५ मीटरवर ग्रुप (भोकांचा पुंजका) नेमाच्या सात सेंटिमीटर खाली आणि दोन सेंटिमीटर डावीकडे लागतो. पुढची माशी घासू का? की दारू वाढवू?

उत्तर: सध्या दोन्ही नको. घासलेली माशी परत वाढत नाही. आणि दारू वाढवून ग्रुप वर येईलच असे नाही. ते का, हे खाली येईलच.

आधी ‘सात सेंटिमीटर खाली’ हे खरे किती खरे ते पाहा. पाच गोळ्यांचा ग्रुप सहा सेंटिमीटर पसरत असेल, तर त्या एका ग्रुपचा मध्य केवळ योगायोगाने सेंटिमीटरभर इकडेतिकडे जाऊ शकतो. म्हणून पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप तीन वेगळ्या कागदांवर घ्या. प्रत्येक भोकाचे नेमबिंदूपासूनचे उभे आणि आडवे अंतर मोजा आणि पंधरा आकड्यांची सरासरी काढा. एखादी गोळी ‘हाताने गेली’ म्हणून वगळायची असेल, तर कागद पाहण्याआधी, चाप सुटताक्षणीच तसे म्हणा. भोक पाहून वगळलेली गोळी हिशोब बिघडवते.

हे सगळे टेकूवरून करा, पण टेकू मनगटांना द्या. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली की तिची उसळी (बार होताना तोंड वर उचलले जाणे) बदलते आणि ग्रुपची जागाही बदलते. मग ती मोजणी हातात धरून मारताना उपयोगाची राहत नाही. मुठीची लाकडे बदलली असतील तर तेही लक्षात घ्या. हात बोअरपासून (नळीच्या भोकापासून) जितका खाली, तितकी उसळी जास्त.

आता मूळ कारण. रिकामे रिव्हॉल्व्हर घ्या. सिलिंडर उघडून सगळी घरे रिकामी असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग व्हर्नियरने दोन उंच्या मोजा: बोअरच्या मध्यापासून पुढच्या माशीच्या टोकापर्यंत आणि बोअरच्या मध्यापासून मागच्या खाचेच्या कडेपर्यंत. पुढची उंची जास्त भरते. समजा फरक ०.८ मिलिमीटर आला आणि दोन्ही साइटमधले अंतर १४५ मिलिमीटर आहे. २५ मीटरवर हा फरक सुमारे १३८ मिलिमीटर होतो. त्यात नेमरेषा बोअरच्या वर असते ते १८ मिलिमीटर मिळवा. म्हणजे साइट बरोबर लक्ष्यावर असताना नळी प्रत्यक्षात साडेपंधरा सेंटिमीटर खाली पाहत असते. शिवाय २५० मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी तेवढ्या अंतरात आणखी पाच सेंटिमीटर पडते. हा एकूण सुमारे वीस सेंटिमीटरचा खड्डा भरून काढते ती गोळी नळीत असतानाच सुरू होणारी उसळी. ती जेमतेम अर्धा अंश असते.

पक्क्या साइटचे रिव्हॉल्व्हर कारखान्यात एका ठरावीक वजनाच्या गोळीची उसळी धरून जुळवलेले असते. .३८ स्पेशलसाठी ते वजन १५८ ग्रेन, .४५ कोल्टसाठी २५० ते २५५ ग्रेन. तुम्ही १२५ ग्रेन घालता, उसळी कमी पडते, ग्रुप खाली राहतो. शस्त्रात दोष नाही. ब्रिटिश सैन्याच्या .३८ रिव्हॉल्व्हरांची गोष्टही हीच. ती २०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीसाठी होती. पुढे १७८ ग्रेनची आवरणाची गोळी आली आणि जुन्या साइटचा मेळ बिघडला.

उसळी वजनावर ठरते, वेगावर जवळजवळ नाही. ‘गोळी हळू गेली की नळीत जास्त वेळ राहते, म्हणून वर लागते’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. हळू गोळी जास्त वेळ थांबते, पण धक्काही त्याच प्रमाणात कमी देते. वेगवान गोळी जोरात ढकलते, पण लवकर निघून जाते. दोन्ही एकमेकांना खोडतात. गोळी बाहेर पडेपर्यंत शस्त्र किती फिरले हे मुख्यतः गोळीचे वजन, नळीची लांबी आणि शस्त्राचा स्वतःचा जडपणा यांवर ठरते. दारूच्याही वजनाचा साधारण निम्मा भाग त्यात मोजला जातो, पण .३८ मध्ये तो दोन-तीन ग्रेनच असतो. म्हणून त्याच गोळीत दारू कमी-जास्त केली तर २५ मीटरवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची हालचाल होते, आणि तीही कोणत्या दिशेला हे तुमची पकड ठरवते. घट्ट हात आणि सैल हात यांत निकाल उलटा आलेला दिसतो. वजन बदलले तर मात्र ग्रुप नक्की हलतो आणि दिशा कधी चुकत नाही: जड गोळी वर, हलकी खाली.

तुमच्या बाबतीत १२५ वरून १५८ ग्रेनवर गेल्यास उसळी सुमारे पावपट वाढेल. जड गोळी हळू जाते म्हणून थोडी जास्त पडेल. वजाबाकी करून ग्रुप तीन ते चार सेंटिमीटर वर यायला हवा. हा अंदाज आहे, खरा आकडा तुमचा कागद देईल. १५८ ग्रेनचा साचा विकत घेण्याआधी कोणाकडून तरी त्या वजनाच्या पन्नासेक ओतीव गोळ्या मिळवा आणि तक्त्यातल्या खालच्या मापाने भरून पाहा.

१२५ ग्रेनसाठी ठरवलेली दारू १५८ ग्रेनच्या गोळीमागे तशीच घालू नका. वजन वाढले की त्याच दारूने दाब वाढतो. नव्या वजनाचा तक्ता नवा, सुरुवात नव्याने.

१५८ ग्रेनने समजा अजून साडेतीन सेंटिमीटर खाली राहिले आणि हेच काडतूस कायम वापरायचे ठरले, तर आता कानस हातात घ्यायला हरकत नाही. सूत्र सोपे आहे: साइटमधले अंतर गुणिले चूक, भागिले लक्ष्याचे अंतर, सगळे मिलिमीटरमध्ये. १४५ गुणिले ३५ भागिले २५,०००, म्हणजे ०.२ मिलिमीटर. इतकेच. बारीक कानशीचे सात-आठ हात फिरले की हे निघून जाते, म्हणून आधी ०.१ मिलिमीटरच काढा, व्हर्नियर लावा, पुन्हा तीन ग्रुप घ्या. सेंटिमीटरभर खाली असतानाच थांबणे चांगले. माशीचा माथा सपाट आणि तिच्या दोन्ही बाजूंशी काटकोनात राहिला पाहिजे. एका बाजूला उतरता झाला तर उजेडाप्रमाणे नेम सरकतो. घासलेला भाग चमकतो, त्याला थंड ब्लूइंग लावून काळा करा.

दोन सेंटिमीटर डावीकडचे काय, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न: ग्रुप छान घट्ट येतो, पण चार-पाच सेंटिमीटर डावीकडे. कोणती गोळी किंवा दारू घेतली तर मध्यावर येईल?

उत्तर: कोणतीच नाही. काडतूस बदलून उभा फरक दुरुस्त होतो, आडवा नाही. नळीतल्या पिळदार खाचांमुळे शस्त्र किंचित बाजूला वळते आणि जड गोळीने ते थोडे अधिक वळते हे खरे, पण त्यावर विसंबून ग्रुप मध्यावर आणायला जाल तर उभा हिशोब बिघडेल.

उजव्या हाताच्या नेमबाजाचा ग्रुप डावीकडे आणि खाली जात असेल तर पहिला संशय बोटावर घ्या. दुसऱ्या अनुभवी माणसाला त्याच टेकूवरून तीच काडतुसे मारायला द्या. किंवा कोणाला तरी सिलिंडरमध्ये तुमच्या नकळत दोन-तीन नकली काडतुसे मिसळून द्यायला सांगा. घोडा नकली काडतुसावर पडला आणि माशी खाली-डावीकडे डुलली, तर साइटला हात लावू नका.

शस्त्राचाच दोष निघाला आणि मागची साइट डव्हटेलमध्ये (तिरप्या काठांच्या आडव्या खोबणीत) असेल, तर ग्रुप ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला मागची साइट सरकवा. पुढची सरकवायची असेल तर उलट दिशेला. पितळी ठोकणी वापरा, आणि आधीच्या जागेवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवा.

पक्क्या साइटच्या रिव्हॉल्व्हरमध्ये माशी नळीवरच असते आणि नळी फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेली असते. ती किंचित कमी किंवा जास्त पिळली गेली की माशी सरळ उभी राहत नाही. माशीची उंची बोअरपासून १९ मिलिमीटर असेल तर एका अंशाने तिचे टोक ०.३३ मिलिमीटर सरकते, आणि २५ मीटरवर ग्रुप साडेपाच सेंटिमीटरहून अधिक हलतो. म्हणजे तुमचा सगळा फरक एका अंशाच्या आतला आहे. उजव्या आट्यांच्या नळीत डावीकडचा ग्रुप मध्यावर आणायला नळी आणखी घट्ट पिळावी लागते. फ्रेमला नेमका बसणारा साचा-पाना असलेल्या शस्त्र-कारागिराकडेच हे काम द्या. घरच्या व्हाइसमध्ये धरून लाकडी दांडा घालून नळी पिळली तर फ्रेम वाकते, आणि वाकलेली फ्रेम सरळ होत नाही. पहिल्या पत्रातल्या दोन सेंटिमीटरसाठी मात्र एवढा खटाटोप करण्याआधी वजन बदलून पुन्हा मोजा.

प्रश्न: .४५ ऑटोमॅटिक पिस्तूल २३० ग्रेनच्या ओतीव गोळीने २५ मीटरवर सहा सेंटिमीटर वर लागते. २०० ग्रेनची सेमी-वॉडकटर (चपट्या टोकाची, खांदा असलेली गोळी) घेतली तर जमेल का?

उत्तर: थोडे खाली येईल, सहा सेंटिमीटर बहुधा नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये सगळा धक्का थेट फ्रेमला आणि मुठीला बसतो. ऑटोमॅटिकमध्ये गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून काही मिलिमीटर मागे सरकतात आणि फ्रेमला मुख्यतः स्प्रिंग आणि घर्षणातूनच ओढ लागते. म्हणून वजनाचा परिणाम इथे सौम्य असतो. शिवाय काडतुसाला स्लाइड पूर्ण मागे ढकलायची असते, त्यामुळे हलवायला जागाही कमी. दारू फार उतरवली की रिकामी पुंगळी (काडतुसाचे कवच) दारातच अडकते.

तुमच्यासाठी खरा उपाय उंच माशी. साइटमधले अंतर १६५ मिलिमीटर धरले तर १६५ गुणिले ६० भागिले २५,०००, म्हणजे ०.४ मिलिमीटर उंच. डव्हटेलची माशी असेल तर वेगवेगळ्या उंचीच्या तयार मिळतात. किंचित जास्त उंच घ्या आणि घासून बसवा.

२०० ग्रेनची सेमी-वॉडकटर घ्यायचीच असेल, तर तिचे फीडिंग (काडतूस मॅगझिनमधून नळीत चढणे) आधी जमवा. गोळीचा खांदा पुंगळीच्या तोंडाबाहेर नखाच्या जाडीएवढा दिसावा. एकूण लांबी सव्वा इंचाच्या आसपास येते, पण निकाल लांबीवर नाही, नळीवर. पिस्तूल खोलून नळी बाहेर काढा, नकली काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या घरात) सोडा. ते टक आवाज करून बसले, बोटाने सहज फिरले आणि उलटे करताच आपोआप पडले पाहिजे. .४५२ इंची ओतीव गोळीला टेपर क्रिम्प (पुंगळीचे तोंड गोळीभोवती निमुळते आवळणे) तोंडाशी .४७० ते .४७१ इंच भरेल एवढाच द्या. या काडतुसाची चेंबरमधली जागा पुंगळीच्या तोंडावर ठरते. रोल क्रिम्प (तोंड आत वळवणे) केले की काडतूस खोल जाते, आणि घोडा पडूनही बार होत नाही किंवा दाब वाढतो.

गोळी अधिक खोल बसवून ग्रुप हलवण्याचा प्रयोग करू नका. पुंगळीतली जागा कमी झाली की दाब झपाट्याने वाढतो. ९ मिलिमीटरसारख्या लहान पुंगळीत तर फारच.

प्रश्न: ५० मीटरवर माझा .३८ चा ग्रुप उभा लांबतो, १५ सेंटिमीटर उंच आणि सहा सेंटिमीटर रुंद. दारू प्रत्येक वेळी काट्यावर तोलून भरतो. चूक कुठे?

उत्तर: चूक काट्याची नसावी. .३८ स्पेशलची पुंगळी मोठी आहे, काळ्या दारूच्या काळातली. आजची दाट दारू तिच्या तळाशी थोडीशीच जागा घेते. नळी वर करून खाली आणली तर दारू प्रायमरजवळ (पुंगळीच्या तळाच्या पेटवणीजवळ) जमते, नळी खाली करून वर आणली तर गोळीजवळ. काही दारूंमध्ये एवढ्याने वेग ३० मीटर प्रति सेकंद किंवा त्याहूनही बदलतो.

हे क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) लगेच दिसते. एकाच जातीची वीस काडतुसे घ्या. दहा वेळा बार काढण्याआधी नळी सुरक्षित दिशेला वर करून हलकेच आडवी करा, दहा वेळा खाली करून आडवी करा. प्रत्येक वेळी एकच काडतूस घाला. सिलिंडर भरलेले असेल तर आधीच्या बारांच्या धक्क्याने पुढच्या काडतुसांतली दारू हलते. दोन्ही सरासऱ्यांत फरक मोठा निघाला तर दारू बदला. जी जास्त जागा व्यापते ती घ्या. तिचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे: चुकून दोनदा पडलेली दारू पुंगळीत लगेच दिसते. दाट दारूचे दुप्पट माप .३८ मध्ये बिनबोभाट मावते, आणि सिलिंडर फुटतात ते बहुतेक त्यानेच. गोळ्या बसवण्याआधी पुंगळ्यांची फळी टॉर्चखाली धरून प्रत्येकीत डोकावून पाहायची सवय कधीच सोडू नका.

पण १५ सेंटिमीटरचे सगळे खापर दारूवर फोडता येणार नाही. २३० आणि २६० मीटर प्रति सेकंद या वेगांत ५० मीटरवर पडण्याचा फरक पाच सेंटिमीटर होतो, आणि २५ मीटरवर तर जेमतेम सव्वा. उरलेली उंची नजरेची. माशीचा माथा मागच्या खाचेच्या कडेपेक्षा ०.२ मिलिमीटर वरखाली झाला की ५० मीटरवर गोळी सात सेंटिमीटर सरकते. डोळा लक्ष्यावर गेला की नेमके हेच होते. डोळा माशीवर ठेवा, लक्ष्य पुसट दिसू द्या.

क्रिम्पही तपासा. सहा काडतुसे भरा, पाच मारा, सहावे काढून लांबी मोजा. गोळी पुढे सरकली असेल तर क्रिम्प कमी आहे. रोल क्रिम्प गोळीच्या क्रिम्प-खाचेतच वळला पाहिजे. खाचेच्या वर वळला तर तो शिशात रुततो आणि उलट गोळी सैल करतो.

प्रश्न: आधी चाकाच्या वजनांचे (गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या) शिसे वापरत होतो. आता लिनोटाइप (छपाईच्या अक्षरांचे कडक मिश्रण) मिळाले. त्याच साच्यातून ओतले, दारू तीच. .३८ चा ग्रुप दीड सेंटिमीटर खाली आला, आणि नळीत शिसे धरायला लागले. कडक मिश्रणाने तर उलट व्हायला हवे ना?

उत्तर: खाली येण्याचे कारण वजन. लिनोटाइपमध्ये अँटिमनी १२ टक्के, कथील ४ टक्के असते. दोन्ही शिशापेक्षा हलके, त्यामुळे त्याच साच्यातली गोळी काही ग्रेन हलकी पडते. काट्यावर दोन्ही ढिगांतल्या दहा-दहा गोळ्या तोलून पाहा.

शिसे धरण्याचे कारण कडकपणाच. ब्रिनेल कडकपणाला १४२२ ने गुणले की ते मिश्रण दाबाखाली सुमारे किती पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच) दबते ते कळते. लिनोटाइप २२ ब्रिनेल, म्हणजे ३१ हजार पीएसआय. .३८ स्पेशलचा कमाल दाबच १७ हजार. म्हणजे गोळी नळीत फुगून खाचा बंद करत नाही, आणि ती जराही बारीक असेल तर तापलेला वायू बाजूने निसटून शिसे कापत जातो. .३८ ला १० ते १२ ब्रिनेल पुष्कळ झाले.

एक किलो लिनोटाइपमध्ये तीन किलो शुद्ध शिसे मिसळा. अँटिमनी ३ टक्के, कथील १ टक्का, कडकपणा १२ च्या आसपास. वितळलेले मिश्रण ३७० अंश सेल्सिअसजवळ ठेवा. गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे, सगळी गोळी पांढुरकी खरखरीत झाली तर फार तापला आहे. चाकाच्या वजनांत जस्ताची वजने मिसळलेली येतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून भांडे आधी त्याच्या बरेच खाली ठेवा आणि वर तरंगणारी वजने झाऱ्याने काढून टाका. ओलसर वजने वितळलेल्या शिशात टाकू नका. पाण्याची वाफ एका क्षणात होते आणि भांड्यातले शिसे अंगावर उडते. डोळ्यांना चष्मा, हातात चामड्याचे मोजे, हवा खेळती, आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावायचे नाही.

अँटिमनी असलेली गोळी ओतल्यानंतर पुढचे काही दिवस कडक होत राहते. आज ओतून उद्या मारलेला ग्रुप आणि पंधरा दिवसांनी मारलेला ग्रुप यांची तुलना करू नका.

प्रश्न: पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या एका जागी लागतात, मग ग्रुप सैल होत भटकायला लागतो. नळी साफ केली की पुन्हा ठीक.

उत्तर: नळीत शिसे साचत आहे. ते कुठे साचते ते पाहा. सिलिंडरला लागून, म्हणजे फोर्सिंग कोनपाशी (नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडाशी) आणि त्याच्या लगेच पुढे असेल तर गोळी बारीक आहे. नळीच्या तोंडाशी असेल तर गोळीवरचे वंगण शेवटपर्यंत पुरत नाही.

बारीक गोळीचा शोध असा घ्या. बोअरपेक्षा किंचित मोठा मऊ शिशाचा तुकडा तेल लावून पितळी सळईने नळीच्या तोंडातून ढकला आणि मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर या कामाला पुरत नाही. नळीत पाच खाचा असतील तर समोरासमोर दोन खाचा नसतात, साध्या मायक्रोमीटरने माप कमी येते. त्याला व्ही-अॅन्व्हिलचा (व्ही आकाराच्या बैठकीचा) मायक्रोमीटर लागतो. नळीची फ्रेमजवळची, आट्यांची जागा ओलांडताना तुकडा अचानक जड सरकला तर तिथे बोअर आवळलेले आहे. मग सिलिंडरच्या सहाही घरांची तोंडे तशीच मोजा. तोंड .३५७ आणि खाचा .३५८ इंच असतील, तर तुम्ही .३५८ ची गोळी घातली तरी ती घरातून निघतानाच .३५७ होते. इथे मिश्रण किंवा वंगण बदलून काही साधत नाही. कारागिराकडून सहाही तोंडे सारखी, खाचांपेक्षा किंचित मोठी करून घ्या. मग गोळी त्या तोंडात बोटाने ढकलल्यावर अलगद अडकून जाईल अशी साइझ करा (डायमधून काढून त्या मापाची करा).

तोंडे बरोबर असूनही गोळी बारीक होत असेल तर पुंगळीकडे पाहा. आवरणाच्या गोळ्यांसाठीचा एक्सपँडर (पुंगळीचे तोंड रुंदावणारा खुंट) ओतीव गोळीला कमी पडतो. पुंगळी आवळलेली राहते आणि मऊ गोळी बसवताना चेपते. एक काडतूस प्रायमर आणि दारू न घालता भरा, गोळी पुलरने काढा, मायक्रोमीटर लावा. बसवण्याआधी .३५८ असलेली गोळी .३५६५ निघाली तर दोषी सापडला. ओतीव गोळ्यांसाठीचा मोठा एक्सपँडर बसवा आणि तोंड इतके उमलवा की गोळी बोटाने सरळ उभी राहील. शिशाची बारीक कडी सोलून निघत असेल तर उमलवणे कमी आहे.

प्रश्न: मला टार्गेटवरच्या गोल काळ्याच्या खाली माशी टेकवून मारायची सवय आहे. गोळ्या कुठे लागायला हव्यात?

उत्तर: २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटचे काळे २०० मिलिमीटरचे असते. त्याच्या खालच्या कडेला माशी टेकवायची असेल तर ग्रुप नेमाच्या दहा सेंटिमीटर वर हवा. कडेशी पांढरी फट ठेवत असाल तर तेवढे आणखी. जो ग्रुप मध्यावर नेम धरणाऱ्याला ‘दहा सेंटिमीटर वर’ वाटतो, तो तुमच्यासाठी अचूक आहे. वरच्या सगळ्या हिशोबांत नेम मध्यावर धरला आहे.

प्रश्न: .३५७ मॅग्नममध्ये उसळी आणि धक्का कमी करायला तीच दारू निम्मी घातली तर?

उत्तर: नाही. एच-११० सारख्या हळू जळणाऱ्या दारूचे माप तक्त्याखाली ३ टक्क्यांहून अधिक उतरवू नये असा उत्पादकाचाच इशारा आहे. कमी दारूत ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी गोळी आली की नळी फुगते किंवा फाटते. आवाज दबका आला, धक्का कमी वाटला, तर लगेच थांबा. शस्त्र सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट वाट पाहा, सिलिंडर रिकामे करा आणि नळीतून सळई आरपार जाते का ते पाहा.

हलके काडतूस हवे असेल तर ओतीव गोळीसाठी दिलेला, लवकर जळणाऱ्या दारूचा वेगळा तक्ता घ्या. किंवा सरळ .३८ स्पेशलची काडतुसे वापरा. ती .३५७ मध्ये चालतात, फक्त आखूड पुंगळीमुळे घरात पुढे काजळीचे कडे जमते. ते ब्रशने काढल्याशिवाय मॅग्नमची लांब पुंगळी घालू नका, आणि साइटची जुळणी ज्या काडतुसावर केली तेच पुढे वापरा.